२.९ जीपीए आणि बेटावरची जागा

रटगर्स विद्यापीठातून बायॉलॉजीची डिग्री घेतली तेव्हा माझा जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, २.९ होता. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग मेडिकल. एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांत प्रवेश मिळवणाऱ्या मुलांचा सरासरी जीपीए ३.८च्या आसपास आणि एमकॅट ५११-५१२. २.९वाल्यांनी कुठे जायचं, हे आमच्या न्यू जर्सीतल्या देशी मंडळींमध्ये जवळजवळ ठरलेलंच असतं: कॅरिबियन बेटांवरची मेडिकल कॉलेजं.

आठवीपर्यंत नाशिकला शिकून मी आई-बाबांबरोबर इकडे आले. कॉलेजात घरून ये-जा, संध्याकाळी फार्मसीच्या काउंटरवर काम, त्यात ऑरगॅनिक केमिस्ट्री. त्याचं रडगाणं इथे गात नाही.

जीपीए कसा चिकटून बसतो ते मात्र सांगते, कारण घरच्यांना ते समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. एमडीचा सामाईक अर्ज म्हणजे अ‍ॅमकास. त्यात घेतलेला प्रत्येक विषय, क्रेडिट आणि ग्रेड स्वतः टाइप करायचा. ऑरगॅनिकला मला सी होता, नंतर दुसऱ्या कॉलेजात तोच विषय घेऊन ए मिळवला. अ‍ॅमकास दोन्ही धरतं. शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीए काढतं, तो माझा आणखीनच खाली. डीओ (ऑस्टिओपॅथी, डॉक्टर होण्याची इथली दुसरी पदवी) कॉलेजं पूर्वी पुन्हा दिलेल्या विषयाचा नवा ग्रेडच धरायची, पण ती सोय २०१७ मध्ये गेली. आता हिशेब बघा: १२० क्रेडिटचा २.९, त्यावर मी आणखी ३० क्रेडिट घेतले आणि त्यांत ३.९ मिळवले, तर एकूण होतो ३.१. एवढं घासून दोन दशांश!

पुण्याच्या मामाचं वेगळंच. “अगं, इकडेच ये, एनआरआय कोट्यातून होऊन जाईल.” त्याला म्हटलं, मामा, त्यालाही नीट द्यावी लागते आणि पुन्हा पहिल्यापासून साडेपाच वर्षं. आयर्लंडचं पाहिलं, तिथे खर्च मोठा आणि जीपीएही बघतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाचा एक चांगला कोर्स आहे, दोन वर्षं ब्रिस्बेन आणि दोन न्यू ऑर्लिन्स, पण तिथेही २.९ला फारसा वाव दिसेना. उरली बेटं. ग्रेनडातलं सेंट जॉर्जेस, सिंट मार्टेनचं एयूसी, सेबा बेटावरचं सेबा, आणि रॉस, जे २०१७च्या मारिया वादळानंतर डॉमिनिकाहून बार्बाडोसला हललं. ग्रेनडा म्हटल्यावर बाबांना एकदम १९८३ आठवलं. तिथल्या अमेरिकन मेडिकल विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचं कारण देऊन रेगननी सैन्य उतरवलं होतं ना, तेच कॉलेज. बाबांच्या मते हे शुभलक्षण नव्हे.

मी ज्या कॉलेजात अर्ज केला त्याचं नाव घेत नाही. इंटरव्ह्यू झाला आणि पत्र इतक्या लवकर आलं की आनंद व्हायच्या आधी शंका आली. डिपॉझिट भरायची मुदत जवळची होती, आणि प्रवेश विभागाच्या बाई फोनवर फार गोड बोलत होत्या.

मग त्यांची मॅचची यादी घेऊन बसले, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची (रेसिडेन्सीची) जागा कोणाला कुठे मिळाली त्याची. मुलाचं नाव, हॉस्पिटल, शाखा. नावं मोठमोठी, ब्रुकलिन, डेट्रॉइट, नेवार्क. आई खूश. पण शाखेच्या रकान्यात काही ठिकाणी ‘प्रिलिमिनरी सर्जरी’ असं होतं. म्हणजे एका वर्षाची जागा, पुढची हमी नाही. वर्ष संपलं की पुन्हा अर्जांच्या रांगेत. यादीत मात्र तो मुलगाही सर्जनच वाटतो. आणि त्या बॅचला सुरुवातीला किती जण होते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसरा आकडा स्टेप वनचा, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याच्या पहिल्या परीक्षेचा. पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर, असं ठळक छापलेलं. तिथे शिकत असलेल्या एका मराठी मुलीला गाठलं. ती म्हणाली, “अगं, स्टेप वनला बसू कोणाला देतात ते विचार ना. आधी कॉलेजची एक सर्वंकष परीक्षा असते, ती निघाली तरच परवानगी. ज्यांची निघत नाही ते या टक्केवारीत येतच नाहीत.” प्रवेश विभागाला मी एवढंच विचारलं की सुरुवात केलेल्यांपैकी ठरल्या वेळेत किती जण पदवी घेतात. उत्तरादाखल पुन्हा तीच यादी आली.

बेटावरून पदवी घेतली की ईसीएफएमजी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये उतरायचं. तिथे अमेरिकन एमडी आणि डीओच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा जागा मिळते, तर बाहेर शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांना साधारण तीनात दोघांना. पूर्वी स्टेप वनला दणदणीत स्कोअर काढून बेटावरची मुलं उठून दिसायची. जानेवारी २०२२ पासून ती परीक्षा नुसती पास-नापास झाली आणि ते हत्यारही गेलं. खर्च राहण्या-खाण्यासकट तीन लाख डॉलरच्या वर. तीनातला तिसरा निघालो तर कर्ज तेवढंच, आणि डॉक्टरकी नाही.

पण मला खरं थांबवलं ते आणखी एका गोष्टीने. बेटावर जाऊन मध्येच अडकलं, तर इथली मेडिकल कॉलेजं सहसा पुन्हा दारात उभं करत नाहीत. उलट इथे आणखी एक वर्ष घालवलं तर बेटावरची जागा कुठे पळून जात नव्हती, ते वर्षातून तीनदा मुलं घेतात. घाई त्यांना होती, मला नव्हती.

तेव्हा डिपॉझिट भरलंच नाही. एका क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या नोंदी टाइप करायची स्क्राइबची नोकरी धरली, रात्री विषय घेतले (ते ३० क्रेडिट हेच), एमकॅटला ५०८ आले आणि डीओ कॉलेजांत अर्ज टाकले. तिथली सरासरी जीपीए ३.६च्या जवळ असते, पण चढता आलेख ते बघतात, हा माझा अनुभव. मामाने विचारलं, “डीओ म्हणजे होमिओपॅथी का गं?” नाही मामा, औषधं लिहून देणं, शस्त्रक्रिया, रेसिडेन्सी, सगळं एमडीसारखंच, वर हाडा-स्नायूंची एक हातांनी करायची पद्धत शिकवतात. वेटिंग लिस्टवर बरेच दिवस टांगून ठेवल्यावर एका कॉलेजाने घेतलं. आता दुसऱ्या वर्षाला आहे.

बेटावर जाऊच नये, असं मी कोणाला सांगत नाही. जिने मला ते परीक्षेचं सांगितलं, ती आता ब्रुकलिनच्या हॉस्पिटलात रोटेशन करतेय आणि छान करतेय. तिला पहिल्यापासून फॅमिली मेडिसिनच हवं होतं, आणि त्या शाखेत बाहेरून आलेल्यांना बऱ्यापैकी जागा मिळतात. माझं मन भुलीच्या शाखेत अडकलेलं, तिथे गर्दी जास्त. शिवाय तिने फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कर्जावर निभावलं. आता जाणाऱ्यांनी ते आधी तपासा: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे फेडरल कर्ज बंद, आणि मेडिकलसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण दोन लाख. उरलेल्यासाठी खासगी बँक, आणि तिथे बहुतेकदा बाबांची सही लागते.