काल्डरचा लिथोग्राफ पारखून घेताना

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरची तारेला टांगलेली, झुळुकीसरशी फिरणारी शिल्पं विकत घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं. पण त्याचे लिथोग्राफ, म्हणजे दगडावर किंवा धातूच्या प्लेटवर काढून कागदावर छापलेली चित्रं, मिळू शकतात हे कळलं आणि मी त्यांच्या मागे लागलो. लाल, पिवळा, निळा, काळा. वर्तुळं, नागमोडी रेघा, सूर्य. शिल्पातले पत्रे हवेत एकमेकांना तोलून धरतात, तसेच हे आकार कागदावर. इंजिनियर होता माणूस, १९१९ साली पदवी घेतलेला. त्याच्या चित्रातही वजनाचा हिशेब दिसतो.

दोन चित्रं समोर आली. एकावर पेन्सिलीची ठसठशीत सही, आणि किंमतही त्या सहीचीच. दुसरं बिनसहीचं, मधोमध घडी पडलेलं.

सहीवाल्यावर भिंग धरलं. लांबून एकसंध वाटणाऱ्या नारिंगी पट्ट्यात पिवळ्या आणि किरमिजी ठिपक्यांची जाळी, अगदी ओळीत. म्हणजे हे फोटोवरून छापलेलं. हाताने काढलेल्या लिथोग्राफमध्ये अशी जाळी येत नाही. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताची प्लेट लागते. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचं, डिंक आणि आम्लाने ते पक्कं करायचं, मग पृष्ठभाग ओला ठेवून शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट जागा शाई धरतात, ओल्या जागा धरत नाहीत. नारिंगी हवा तर नारिंगी शाईच लावायची, नाहीतर पिवळ्यावर लाल चढवायचा. विक्रेत्याला ठिपके दाखवले, तर तो पुन्हा सहीकडेच बोट दाखवू लागला. मी ते चित्र परत केलं.

दुसऱ्याचा लाल भिंगाखालीही सपाट भरलेला होता. काळ्या रेघेची कड दाणेदार, आणि काळा जिथे लालवर चढला होता तेवढाच भाग तिरका धरल्यावर चकाकत होता. किती वेळ बघत बसलो! अर्थात ठिपके नाहीत एवढ्यावर चित्र मूळ ठरत नाही. खरा पुरावा घडीने दिला. पॅरिसच्या माग गॅलरीचं ‘देरियेर ल मिरवार’ हे नियतकालिक १९४६ साली सुरू झालं, आणि त्याच्या काल्डरवरच्या अंकांत त्याचे लिथोग्राफ जोडपानावर छापलेले असत. पान साधारण ३८ सेंटिमीटर उंच, उलगडलं की ५६ रुंद. अंकातल्या या प्रतींवर सही नसते, क्रमांकही नसतो. त्यामुळे अशा घडीच्या पानावर सही दिसली तर उलट जास्त सावध व्हावं; ती नंतर कुणीतरी केलेली असू शकते. मी माप घेतलं, मागची छपाई बघितली, अंकांच्या सूचीतल्या चित्राशी ताडून पाहिलं. सगळं जुळलं, तेव्हाच पैसे दिले.

फ्रेमवाल्याला बजावलं, चित्र पुठ्ठ्याला चिकटवायचं नाही आणि काचेला टेकू द्यायचं नाही. घडी दाबून घालवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं; हा कागद कुठून आला, हे तीच सांगते.