आमची वाटचाल : बेरजेतले अठरा

भोसरीच्या गाळ्यात अण्णानं आणि मी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, बनवून विकायचं काम सुरू केलं, तेव्हा हाताशी होतं काचेचं एक रिअ‍ॅक्शन व्हेसल, शेकर आणि जुना घेतलेला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र). त्याच्या पंपाचं सील जायला आलं की अण्णाला आवाजावरूनच कळायचं. पहिली काही वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाला आम्ही मधे सेरीन-आर्जिनीन-हिस्टिडिन ही तीन अमिनो आम्लं ओळीनं असलेलं पेप्टाइड दिलं. आमच्या एचपीएलसीच्या आलेखावर एकच उंचवटा (पीक) होता, म्हणजे माल शुद्ध. पंधरा दिवसांत निरोप आला : माल खराब, दोन तुकडे दिसतात. आमच्या स्पर्धकानं लगेच सांगून टाकलं, "सिंथेसिसच (साखळी जोडणंच) अर्धवट. गाळ्यातल्या लोकांकडून दुसरं काय मिळणार?" ऑर्डर त्याला गेली, आमचं बिल अडकलं, बघताबघता आणखी दोघांनी कामं थांबवली. चार महिने अण्णानं घरी एक रुपया नेला नाही.

अण्णा तुकड्यांची रेणुवजनं मांडून बसला. दोन्हींची बेरीज मूळ वजनापेक्षा 18 नं, म्हणजे पाण्याच्या एका रेणूनं, जास्त. म्हणजे पाणी शिरून बंध तुटला होता. आणि साखळी तर आपण सी टोकाकडून (शेवटाकडून) वाढवतो. एन टोकाचा (सुरुवातीचा) सुटा तुकडा सिंथेसिसमध्ये येईलच कुठून? चौकशी केली, तर गिऱ्हाइकानं धातू पेप्टाइडला कसा बांधला जातो ते तपासायला निकेल क्लोराइड घालून पेप्टाइड पीएच 8.5 ला, 50 अंशांवर ठेवलं होतं. एरवी साध्या पाण्यात, 25 अंशांवर पेप्टाइड बंधाचं अर्धायुष्य (निम्मे बंध तुटायला लागणारा काळ) शेकडो वर्षांचं. इथे निकेल हिस्टिडिनला धरतं, साखळीतल्या नायट्रोजनांना गुंफतं, आणि बंध सरकून सेरीनच्या ऑक्सिजनवर जातो. तिथे झालेला एस्टर नावाचा बंध पाणी सहज तोडतं. आम्ही सगळं पुन्हा करून पाहिलं. निकेल नसताना साखळी शाबूत. आधी ईडीटीए (धातूला पकडून ठेवणारं रसायन) घातलं तरी शाबूत. सेरीनच्या जागी अ‍ॅलानीन बसवलं, तरीही शाबूत.

आकडे पाठवल्यावर बिल मिळालं. "आमची चूक झाली" असं पत्र मात्र आजतागायत आलेलं नाही, आणि ते मला खुपतं.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो : मालासोबत अनुक्रम वाचून सूचना लिहून द्या. सेरीन किंवा थ्रिओनीननंतर एक सोडून हिस्टिडिन असेल, तर निकेलबद्दल ठळक लिहा. धातू लागत नसेल तिथे बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ईडीटीए आधी घालायला सांगा, नंतर नव्हे.

त्या चार महिन्यांत कॉलेजातल्या एका सरांनी दर महिन्याला पाच-पाच मिलिग्रॅमच्या ऑर्डरी दिल्या, पैसे आगाऊ. त्यांच्या शिश्या आजही अण्णा स्वतः भरतो.