आमची वाटचाल : बदलण्याआधी मोजणे

आमच्या संगणक दुरुस्तीच्या व्यवसायाची सुरुवात घरातल्या एका टेबलावर झाली. एक उघडा कॅबिनेट, तीन-चार स्क्रू ड्रायव्हर, निकामी संगणकांतून काढलेल्या रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्यांचा, डबा आणि एक पांढरे खोडरबर, एवढेच भांडवल होते. खोडरबराचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ‘संगणक चालूच होत नाही’ अशा तक्रारी घेऊन आलेल्या पहिल्या कामांपैकी बरीचशी कामे रॅमच्या कडेचे सोनेरी संपर्क त्या रबराने हलकेच पुसून, चुरा झटकून आणि खटका वाजेपर्यंत ती नीट दाबून बसवल्यावर संपली. हे कोणालाही घरी करता येते, याची आम्हाला तेव्हाही कल्पना होती. ते ग्राहकाला सांगण्याची तयारी मात्र नव्हती.

त्या काळात आमचे निदान बहुतेक अंदाजावर चाले. एका ग्राहकाचा संगणक काम करता करता एकदम बंद पडत असे. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, गेला आहे, असे मी छातीठोकपणे सांगितले, नवा बसवून दिला आणि आठ दिवसांत तोच संगणक तीच तक्रार घेऊन परत आला. या वेळी मल्टिमीटर लावला. संगणक नुसता चालू असताना पॉवर सप्लायची, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणाऱ्या पेटीची, १२ व्होल्टच्या पुरवठ्याची ओळ व्यवस्थित दिसत होती. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर भार टाकताच ती ११ व्होल्टच्याही खाली घसरली. पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स मानकाच्या तेव्हाच्या आवृत्तीनुसार या ओळीत पाच टक्क्यांपर्यंतच फरक चाले, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. काढून ठेवलेला मदरबोर्ड पूर्णपणे निर्दोष होता. मी पैसे परत केले, माफी मागितली आणि भाराखाली मोजल्याशिवाय कोणताही पॉवर सप्लाय चांगला म्हणायचा नाही, असे त्या दिवशी ठरवले.

तिथून कामाची पद्धत बदलली. मोजून किंवा खात्रीचा दुसरा भाग लावून दोष सिद्ध झाल्याखेरीज एकही भाग बदलायचा नाही, हा नियम केला. पाळताना तो जड गेला, कारण ग्राहक समोर उभा असतो आणि त्याला उत्तर लगेच हवे असते, तर रॅमची तपासणी घाईत होत नाही. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम आम्ही पेन ड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवतो. एक चूक दिसली तरी रॅम सदोष मानायची, पण कोणती, हे कळण्यासाठी एकेक पट्टी एकाच खाचेत लावून पाहावी लागते; आणि प्रत्येक पट्टी त्याच खाचेत चुका दाखवत असेल, तर संशय रॅमवरून खाचेकडे, म्हणजे मदरबोर्डाकडे वळवावा लागतो.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मोजमापाचा उपयोग सर्वांत जास्त झाला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने ती घरबसल्या वाचता येते. त्यातल्या तीन ओळी आम्ही प्रत्येकाला पाहायला सांगतो. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले भाग, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचताना अडखळलेले, निर्णय बाकी असलेले भाग; हे आकडे वाढत असतील, तर डिस्कवर भरवसा ठेवू नये. तिसरी ओळ ‘सीआरसी एरर’ची, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यात माहितीची ने-आण होताना झालेल्या चुकांची. हा आकडा वाढत असेल आणि पहिले दोन शून्य असतील, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडलेल्या केबलचा असतो. केवळ ही ओळ न पाहिल्यामुळे किती चांगल्या डिस्क भंगारात गेल्या असतील, याचा विचार न केलेलाच बरा. डिस्क आचके देऊ लागली की अनेक जण आधी ‘चेकडिस्क’ हा विंडोजमधला डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवतात, हे मला मुळीच पटत नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला संपूर्ण पृष्ठभाग वाचायला लावण्याआधी तिच्यावरील फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

लोकांना घरी तपासायला शिकवण्याचे काम योगायोगाने सुरू झाले. एका ग्राहकाला लॅपटॉप आणून देणे शक्य नव्हते आणि पडदा काळा पडला होता, म्हणून फोनवरूनच चार्जर काढायला, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढायला आणि पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरायला सांगितले. फरक पडला नाही. मग खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारायला सांगितला, तेव्हा अंधुक चित्र दिसले. म्हणजे लॅपटॉप चालू होता, चित्रही तयार होत होते. गेला होता तो फक्त मागचा प्रकाश. बाहेरचा मॉनिटर जोडून त्यांचे काम त्याच दिवशी सुरू झाले.

हिशेब पाहणाऱ्या माझ्या पत्नीने तेव्हा विचारलेला प्रश्न रास्त होता : सगळेच फोनवर शिकवले, तर दुरुस्तीला येणार कोण? किरकोळ कामे कमी झाली, हे खरे. तारीख आणि वेळ सतत मागे जाते म्हणून संगणक उचलून आणणारे लोक आता बोर्डावरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल स्वतःच बदलतात. पण जे येतात ते अर्धे निदान करूनच येतात, त्यामुळे एका कामावर जाणारा आमचा वेळ घटला आणि वादही जवळपास थांबले.

काही गोष्टी मात्र आम्ही कोणालाही घरी करू देत नाही. पॉवर सप्लायची पेटी उघडायची नाही. प्लग काढल्यानंतरही तिच्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. चोवीस पिनांच्या जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला जोडून सप्लाय बोर्डाशिवाय चालू होतो का, हे बाहेरून पाहता येते. मात्र त्यावरून तो जिवंत आहे एवढेच कळते, सशक्त आहे हे नाही. शिवाय काही उत्पादक तारांचे रंग पाळत नाहीत, त्यामुळे रंगापेक्षा पिनची जागा पाहावी. फुगलेली लॅपटॉप बॅटरी दाबायची, टोचायची किंवा चार्ज करायची नाही. आणि रॅमला हात लावण्याआधी प्लग काढून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा, कारण आपल्याला न जाणवणारी स्थिर विजेची ठिणगीही चिप निकामी करू शकते.

टेबलाच्या जागी आता वर्कशॉप आहे आणि मदतीला दोन जण आहेत. नोंदवहीत एक रकाना वाढला आहे : ‘ग्राहकाने घरी काय तपासले’. सुरुवातीला तो बहुतेक कोराच राहायचा. परवाच्या एका नोंदीत त्यात लिहिले होते, ‘सीआरसीचा आकडा वाढत होता, केबल बदलली, वाढणे थांबले, तरी संगणक अडकतो, मेमटेस्ट रात्रभर चालवला, दुसऱ्या पट्टीवर चुका.’ आम्हाला फक्त ती पट्टी बदलायची होती. तरीही बदलण्याआधी ती आमच्या बोर्डावर लावून एक रात्र तपासली.