जर, तर आणि न बोललेलं

मी दिवाणी कोर्टात वकिली करते. कायदा कॉलेजात शिकले. पण एखाद्या वाक्यातून काय निघतं आणि काय निघत नाही, हे आपल्या शाळेत शिकले, तेही दोन वेगवेगळ्या तासांना.

पहिला तास भूमितीचा. ‘चौकोन चौरस असेल, तर त्याचे कर्ण समान असतात.’ बाईंनी विचारलं, ‘मग कर्ण समान असले, तर चौकोन चौरस?’ सगळा वर्ग ‘हो’ म्हणाला. बाईंनी खराट्याच्या दोन सारख्या लांबीच्या काड्या घेतल्या, फळ्यावर एकमेकींवर आडव्यातिडव्या धरल्या आणि चारही टोकं खडूने जोडली. काड्या सरकवल्या की नवा चौकोन. आयत झाला, समलंब झाला, नाव नसलेलेही झाले. कर्ण मात्र दर वेळी तेवढेच. विधान खरं असलं तरी त्याचा व्यत्यास, म्हणजे उलटं विधान, वेगळा सिद्ध करावा लागतो, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

पूर्वांग, म्हणजे विधानातला ‘जर’चा भागच खोटा असेल तर काय, हा प्रश्नही त्याच तासाला निघाला. बाईंनी शाळेचाच नियम घेतला: पाऊस असेल तर प्रार्थना व्हरांड्यात. पाऊस असून प्रार्थना मैदानावर झाली, तरच नियम मोडला. स्नेहसंमेलनाचा मांडव पडला म्हणून कोरड्या दिवशी प्रार्थना व्हरांड्यात झाली, तरी नियम शाबूत. पाऊस नसताना काय करायचं, याबद्दल नियम बोलतच नाही. पुढे तर्कशास्त्राच्या पुस्तकात सत्यता सारणी, म्हणजे विधान कधी खरं आणि कधी खोटं याचा तक्ता, पाहिली तेव्हा तिच्यात मला आमचा व्हरांडाच दिसला.

दुसरा तास संस्कृतचा. सरांनी अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथातलं धूर निघणाऱ्या डोंगराचं उदाहरण सांगितलं. जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं. उलट म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं, आणि ही जादा अट म्हणजे उपाधी. म्हणजे बाईंच्या काड्यांचीच गोष्ट!

पण सर तिथे थांबले नाहीत. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथातलं ‘गतोऽस्तमर्कः’ घेतलं. सूर्य मावळला, एवढंच वाक्य. गुराखी त्यातून ‘गुरं वळवा’ ऐकतो, दुकानदार ‘माल आवरा’. शब्दांत यातलं काहीच नाही. कोण, कुणाला, कधी बोललं, त्यावरून हा अर्थ सुचतो.

वाक्यातून अटळपणे निघणारं आणि नुसतं सुचणारं, या दोहोंतला फरक पुढे इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत नीट मांडला. सुचलेला अर्थ बोलणारा परत घेऊ शकतो. ‘काही मुलं पास झाली’ म्हटलं की सगळी झाली नाहीत असं आपण समजतो. पण ‘काही काय, सगळीच झाली’ असं पुढे जोडलं तरी विसंगती येत नाही. ‘हा चौरस आहे, पण कर्ण समान नाहीत’ असं मात्र म्हणता येत नाही.

साक्षीदार ‘मला काही पैसे मिळाले’ म्हणतो, तेव्हा हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. बाकीचे मिळाले नाहीत हे त्याने सांगितलेलं नाही, आपल्याला ते सुचलेलं आहे. ‘सगळे मिळाले का?’ हे विचारून उत्तर नोंदवून घ्यावंच लागतं.

आणि भाडेकरू! ‘मॅडम, भाडं थकवलं तर जागा जाते ना? मी तर वेळेवर भरतोय.’ यात न बोललेलं ‘म्हणजे माझी जात नाही’ असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये थकबाकीचं कलम १५ आहे. पण लगेच पुढे कलम १६ आहे आणि त्यात मालकाची स्वतःची वाजवी, खरीखुरी गरज हेही जागा परत मागण्याचं कारण आहे. भाड्याच्या सगळ्या पावत्या जपून ठेवलेल्या माणसावरही दावा होतो. म्हणून असा अशील आला की पावत्या बघायच्या आधी मी विचारते: मालकाच्या घरात माणसं किती, मुलाचं लग्न ठरलंय का, आणि त्यांना दुसरी जागा आहे का?