गाऊनवरची ओढणी

भाजीवाल्याची हाक आली की आमच्या सोसायटीत दारामागच्या हुकांवरून ओढण्या पटापट खाली येतात. गाऊन अंगात असतोच. वर ओढणी टाकली की झाला बाहेरचा पोशाख. ती मॅचिंग असलीच पाहिजे असं नाही. जांभळ्या फुलांवर हिरवी बांधणी खुशाल चालते, घाईत नॅपकिनसुद्धा.

पदवीदानाला घालतात तोही गाऊन, लग्नाच्या रिसेप्शनला नवरी घालते तोही गाऊन. पण घराघरांत गाऊन म्हणजे सुती, पायघोळ, फ्री साइज. कुणी त्याला मॅक्सी म्हणतं. आईला 'नायटी' मात्र खपत नाही. तिच्या मते नायटी सिनेमातल्या बायका घालतात, आपण गाऊन घालतो.

पायघोळ म्हणायचा तो दुकानात. फरशी पुसायला घेतली की पुढचा घोळ कमरेला खोचला जातो; आयुष्यभर पदर खोचलेल्या हातांना हे शिकवावं लागत नाही. खालची दुमड बादलीत भिजून उसवते, गळ्याची चेन दगा देते, मग तिथे सेफ्टी पिन येते. पण खिसा! पंजाबी ड्रेस शिवताना शिंपी जो हमखास विसरतो, तो इथे न मागता मिळतो. चाव्या, सुटे पैसे, मोबाईल, सगळं त्यात. चालताना गाऊन एका बाजूला ओढला जातो, तो त्यामुळेच.

एवढ्या निरुपद्रवी कपड्यावरही बंदी आली होती. 2014 साली नवी मुंबईतल्या गोठिवलीत महिला मंडळानंच दिवसा गाऊन घालून बाहेर फिरायला मनाई केली, दंड 500 रुपये. 2018 मध्ये आंध्रातल्या तोकलपल्ली गावात दंड 2000, आणि चुगली करणाऱ्याला 1000 रुपये बक्षीस! गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली बाई असभ्य, आणि बनियन-बर्म्युडावर दूध आणायला निघालेले काका सभ्य, हा न्याय मला तरी कळलेला नाही.

नवा गाऊन कुणी लगेच घालत नाही. कुणाकडे राहायला जायचं झालं, नाहीतर दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली, तर हाताशी असावा म्हणून तो कपाटात जातो. आईकडे असे घडी न मोडलेले बरेच आहेत. घालते मात्र ती काखेत विरलेला जुनाच. नवा काढ म्हटलं की म्हणते, "हा कसा मऊ झालाय. आणि तुझी मावशी यायचीय ना पुढच्या महिन्यात!"