खिडकी कापायची, पण आतल्या तुकड्याचं काय?

जळगावच्या एमआयडीसीत चटई, पीव्हीसी पाइप, ठिबक, डाळमिल यांना लागणाऱ्या मशिनरीचं काम आलं की सीएनसी मिलिंग मशीनवर प्लेटमध्ये चौकोनी खिडकी, म्हणजे आरपार भोक, पाडायचा जॉब हमखास येतो. दिसायला सोपा, म्हणून प्रोग्रॅम करणारा डोळे झाकून पॉकेट निवडतो आणि आतलं सगळं लोखंड चिप्स करून काढतो. नाहीतर कॉन्टूर लावतो, म्हणजे फक्त कडेकडेने कापतो, आणि शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला कटर तुटतो. माझ्या मते टूलपाथ, म्हणजे कटर फिरायचा मार्ग, निवडण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: आतला तुकडा सुटेल तेव्हा त्याला कोण धरणार?

हिशोबाला १६ मिलिमीटर जाड एमएस (साध्या पोलादाची) प्लेट घेऊ. तिच्यात १२० बाय ८० ची खिडकी पाडायची आहे आणि कोपरे आर ६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर त्रिज्येचे, आहेत. आतलं सगळं लोखंड सव्वा किलोच्या आतबाहेर भरतं. १० मिलिमीटर व्यासाच्या कटरने भिंतीला ०.३ सोडून नुसती चर मारली, तर त्यातलं जेमतेम ३७ टक्के कापावं लागतं आणि पाऊण किलोचा तुकडा अख्खा हातात येतो.

आता वेळ बघा. चार फ्लूटचा, म्हणजे चार दातांचा, सॉलिड कार्बाइड कटर, कटिंग स्पीड मिनिटाला १२० मीटर, म्हणजे ३८०० आरपीएम. पूर्ण चरीत दर दाताला ०.०४ मिलिमीटर दिलं तर फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ६०० मिलिमीटरच्या आसपास येतो. कटर उभा न घुसवता कडेकडेने फिरवत, एका फेरीत ३ मिलिमीटर उतरवत न्या. एक फेरी साधारण ३५७ मिलिमीटरची, त्यामुळे उताराचा कोन अर्धा अंशच पडतो आणि कटरच्या टोकाला काहीच त्रास होत नाही. तळाची एक सपाट फेरी धरून सगळं चार मिनिटांत उरकतं.

हीच खिडकी अडॅप्टिव्हने, म्हणजे बाजूने थोडं थोडं खात आतलं सगळं काढणाऱ्या टूलपाथने, पूर्ण खोलीत मारली तर बाजूने १ मिलिमीटर, खोली १६, स्पीड १८० आणि आरपीएम ५७००. इतका कमी बाजूचा कट असताना चिप पातळ निघते. म्हणून दाताला ०.०४ वर थांबायचं नाही, ०.०६५ पर्यंत न्यायचं, नाहीतर कटर कापण्याऐवजी घासत राहतो. फीड १५०० च्या जवळ जातो. मिनिटाला लोखंड चरीपेक्षा जास्त निघतं, तरी सगळं कापायचं म्हटल्यावर सहा मिनिटं लागतातच. मशीन ६००० आरपीएमचं असेल तर ते जवळजवळ टोकालाच चालतं.

तरीही अडॅप्टिव्हला मी नावं ठेवणार नाही. चरीत ३ मिलिमीटरच्या फेऱ्या मारल्या की कटरचा खालचा ३ मिलिमीटरच झिजतो, वरची धार कोरी राहते. अडॅप्टिव्हमध्ये पूर्ण फ्लूट कामाला येतो, शिवाय तुकडाच उरत नसल्याने तो धरण्याचा प्रश्नही मिटतो. खिडकीची रुंदी कटरच्या तिपटीपेक्षा कमी असेल तर चरीचा विचारच करू नका. ३० च्या खिडकीत १० चा कटर फिरवून ९ मिलिमीटरची पट्टी उरते, आणि ती धरायची कुठे?

मोठ्या खिडकीत मात्र चरच, आणि तुकडा बोल्टने बांधून. खाली बेस प्लेट घ्या. पहिलं ऑपरेशन ११ च्या ड्रिलचं. चारही कोपऱ्यांत दोन्ही भिंतींपासून ६ मिलिमीटर आत एकेक भोक पाडा, म्हणजे भिंतीला अर्धा मिलिमीटर शिल्लक राहतो आणि कोपऱ्यात कटरवर एकदम ताण येत नाही. त्याच ड्रिलने आतल्या तुकड्यात दोन भोकं पाडा. एम १० च्या बोल्टला ११ चंच भोक लागतं, त्यामुळे टूल बदलायला नको. बोल्ट दोनच हवेत. एकावर तुकडा फिरतो. मग एम०० वर मशीन थांबवायचं, बोल्ट बेसमध्ये आवळायचे आणि चर सुरू करायची. बोल्टचं डोकं वॉशरसह साडेआठ मिलिमीटर वर येतं. कटर १६.५ खाली जातो, म्हणून कॉलेटच्या (कटर धरणाऱ्या पकडीच्या) नटापासून कटर निदान ३० बाहेर ठेवा. नट बोल्टच्या डोक्यावर आपटला तर स्पिंडलपर्यंत धक्का जातो.

बोल्ट शक्य नसेल तर चार टॅब, म्हणजे न कापलेले छोटे पूल, ठेवा, ५ रुंद आणि १ जाड, सरळ बाजूंच्या मध्याजवळ. कोपऱ्यात टॅब नको, तिथला उरलेला दाणा फिनिशमध्ये कटरला ढकलतो. तळाला ०.३ ची साल सोडण्याची पद्धत कागदावर छान वाटते. पण हॉट रोल्ड प्लेटची जाडी जागोजागी काही दशांश मिलिमीटरने बदलते. वरून शून्य घेतलं तर एका बाजूला साल राहते आणि दुसऱ्या बाजूला कटर आरपार जातो. साल ठेवायचीच असेल तर झेडचं (उंचीचं) शून्य पॅरललच्या, म्हणजे प्लेटखालच्या आधारपट्टीच्या, माथ्यावर घ्या.

काहीच न धरता कापलं तर काय होतं? शेवटच्या फेरीत तुकडा तीन बाजूंनी सुटलेला असतो. तो तिरपा होतो आणि फिरता कटर त्याच्या व भिंतीच्या मधे आवळला जातो. कार्बाइड वाकत नाही, सरळ तुटतो, आणि भिंतीवर खोल ओरखडा ठेवून जातो. जॉबही गेला.

चर पूर्ण झाली की पुन्हा एम००. तुकडा काढा, चिप्स हवेने उडवा, मगच फिनिश. पूर्ण चरीत कटर एका बाजूला झुकतो, भिंत खाली-वर सारखी नसते, ०.३ त्यासाठीच सोडलेले असतात. फिनिशला ८ चा कटर घ्या. आर ६ च्या कोपऱ्यात फीड कटरच्या केंद्राला लागू पडतो, पण धार त्यापेक्षा वेगाने पळते: १० च्या कटरला सहापट, ८ ला तिप्पट. म्हणून सरळ बाजूला ९५० फीड असेल तर कोपऱ्यात ३२० वर आणा. १२ चा कटर तर कोपऱ्यात जाऊन उभाच राहतो आणि चिरचिर आवाजासोबत खुणा सोडतो. दिशा जी४१ (कटर रेषेच्या डावीकडे ठेवणारा कोड), आतून घड्याळाच्या उलट. शिरणं आणि निघणं सरळ बाजूच्या मध्यावर, कमानीने, निघताना २ मिलिमीटर ओलांडून.

एसएस ३०४ ला (स्टेनलेस स्टीलला) कटर एका जागी घासू देऊ नका, कडा कडक होते आणि पुढची फेरी तिच्यावरच दात घासते. ४० मिलिमीटर एमएस असेल तर चरीचा हट्ट सोडा. १० च्या कटरला ती चौपट खोली आहे आणि चिप्स बाहेरच येत नाहीत. गॅस कटिंगने ३ मिलिमीटर सोडून तुकडा आधीच काढा. गॅसने कापलेली कडा कडक असते, म्हणून पहिला कट तिच्याखालून जाईल इतका जाड घ्या, वरवर खरवडू नका.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. कूलंटमधलं पाणी उडतं आणि तेल दाट होतं, म्हणून रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर (तेलाचं प्रमाण मोजणारं उपकरण) लावून पाणी वाढवा. मापाचंही तसंच. कापून गरम झालेली प्लेट गेजपेक्षा २० अंशांनी जास्त तापलेली असेल तर १२० ची खिडकी जवळपास ०.०३ मोठी दिसते. एच ७ या मापवर्गाची पूर्ण सवलतच, म्हणजे मापात चालणारा फरक, ०.०३५ आहे. गरम असताना बरोबर भरलेली खिडकी थंड झाल्यावर लहान निघू शकते. प्लेट आणि गेज एकाच टेबलावर अर्धा तास राहू द्या, क्लॅम्प त्यानंतरच सोडा, म्हणजे गरज पडली तर त्याच सेटिंगमध्ये एक हलकी फेरी मारता येते.