न जुळलेले माप

शनिवार पेठेतला तो वाडा पुनर्विकासासाठी पाडला जाणार होता आणि त्यापूर्वी त्याची मोजमापे घेऊन आराखडे करून ठेवण्याचे काम आमच्याकडे आले होते. पेठांतले असे बरेच वाडे मी मोजले असल्यामुळे दोन दिवसांत काम आटोपेल, असा माझा अंदाज होता.

रस्त्यावरून पाहिले तर थांबून बघावे असे तिथे काहीच नव्हते. दर्शनी बाजूला नंतर काढलेली दुकाने, वर पत्र्याचे छप्पर आणि दरवाजाच्या चौकटीवर विजेच्या मीटरांची रांग. पुण्याच्या पेठांचे रूप रस्त्यावरूनच टिपू पाहणाऱ्यांची मला म्हणूनच थोडी कीव येते. दिंडीतून वाकून आत गेले की वाहनांचा आवाज मागे पडतो आणि फरसबंद चौक, त्याभोवतीची ओसरी, हात लागून लागून गुळगुळीत झालेले सागवानी खांब असे सगळे एकेक करून समोर येते. जुन्या वाड्यांची आखणी खणांत होत असे. दोन खांबांमधले साधारण 5 फुटांचे अंतर म्हणजे एक खण, त्यामुळे खण मोजले की खोल्यांच्या मापांचा अंदाज टेप लावण्यापूर्वीच येतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारी माजघर आणि मागचा बोळ यांची मापे जुळेनात, तेव्हा मी प्रथम स्वतःलाच दोष दिला. भिंतीची नेहमीची जाडी वजा करूनही जवळजवळ 3 फूट जास्त भरत होते. कर्ण पुन्हा घेतले, लेझर बाजूला ठेवून साध्या टेपने मोजले, ओळंबा सोडून पाहिला. फरक तसाच राहिला.

वाड्यांचे जिने भिंतीच्या जाडीत दडवलेले असतात हे मला ठाऊक होते, पण इथे लोखंडी जिना चौकातच उभा असल्याने ती शंका मनाला शिवली नव्हती. शेवटी फडताळाशेजारी भिंतीवर ठोकून पाहिले.

“आजी, ही भिंत इथे पोकळ वाजतेय.”

“वाजणारच. जिना आहे तो,” तांदूळ निवडता निवडता आजी म्हणाल्या. “विचारलं असतंस तर कालच सांगितलं असतं.”

त्यांच्या नातवाने फडताळातले डबे उतरवून मागची फळी काढली. आत जेमतेम दोन फूट रुंदीचा, अंगावर येणारा चढा जिना होता. खालच्या पायऱ्या दगडी, वरच्या लाकडी आणि कुजलेल्या. टॉर्चच्या उजेडात चुन्याच्या गिलाव्यावर एक तपकिरी रेघ दिसली, पाणसळ लावून ओढावी तशी सरळ. रेघेखाली गाळाचा वाळलेला थर होता, नखाने टोकरताच त्याचे पापुद्रे सुटत होते. रेघेवर मात्र चुना अजून पांढरा होता.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांत शिरले, त्या पाण्याची ती खूण होती. आजींचे लग्न होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. देवघरातले टाक पदरात बांधून त्या याच जिन्याने माडीवर गेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर लाकडी पायऱ्या फुगून निकामी झाल्या, म्हणून सासऱ्यांनी जिना बंद करून चौकात लोखंडी बसवला. पुढे बाकीच्या भिंतींवर कितीतरी वेळा रंग चढला. बंद जिन्यात मात्र कुंचला कधी पोहोचलाच नाही.

मी रेघेचे माप घेतले. जमिनीपासून 5 फूट 8 इंच. आजी आपणहून उठल्या आणि खालच्या पायरीपाशी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या डोक्याच्या चांगली वीतभर वर होती.

“लिहिलंस?” त्यांनी विचारले.

आमच्या आराखड्यांत गिलाव्याला, लाकडाला, दगडाला ठरावीक खुणा आहेत. या रेघेसाठी कोणतीच नव्हती. मी छेदाच्या नकाशावर निळ्या पेन्सिलीने ती ओढली आणि शेजारी तारीख घातली. नातवाने फळी पुन्हा बसवली, तेव्हा डबे पूर्वीच्याच क्रमाने लागले आहेत ना, हे आजींनी स्वतः येऊन पाहिले.